पहिले काही तास गावच्याच माणसांचे : शोध-बचाव पथकात जायचं तर काय लागतं?

समजा, जुलैमधला रविवार आहे. बेळगावहून जांबोटी, कणकुंबीमार्गे चोर्ल्याच्या बाजूला धबधबा बघायला पाच मित्र गेले. परतताना गाडीपाशी चौघंच आले. पाचवा "तुम्ही व्हा पुढे, आलोच" म्हणून मागे राहिला होता. साडेचार वाजलेत, धुकं खाली उतरलंय, पाऊस थांबायचं नाव घेत नाही. फोन लावला तर लागत नाही. चौघांपैकी एकजण ११२ फिरवतो. पलीकडून पहिलाच प्रश्न येतो, "तुम्ही नेमके कुठे आहात?" आणि त्याला धड सांगता येत नाही. गाडी उभी आहे ती कर्नाटकात, घाट उतरला की गोवा, आणि समोरच्या धारेपलीकडे महाराष्ट्र.

अशा वेळी पोलीस येतात, वनखातं येतं, गरज पडली तर राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल म्हणजे एनडीआरएफही येतं. पण या दलाची महाराष्ट्रातली बटालियन पुण्याजवळ आहे आणि पुणे ते बेळगाव हे अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. पावसाळ्यात काही तुकड्या कोल्हापूर-सांगलीकडे आधीच आणून ठेवल्या जातात हे खरं. तरी रानातल्या त्या वाटेवर पहिला पोचणारा माणूस बहुतेक वेळा जवळच्या गावातलाच असतो. त्याला कुठला ओहोळ कधी फुगतो ते ठाऊक असतं, आणि कुठल्या पायवाटेला फाटा फुटतो तेही. अशी माणसं एकत्र येऊन, शिकून, सराव करून तयार झाली की त्यांचं स्थानिक शोध-बचाव पथक होतं.

सह्याद्रीत अशी पथकं आज बरीच आहेत. लोणावळ्याची शिवदुर्ग मित्र, खोपोलीची यशवंती हायकर्स, महाबळेश्वर ट्रेकर्स ही नावं पेपरात वारंवार येतात. पुराच्या कामात कोल्हापूरची व्हाईट आर्मी पुढे असते. पगार नाही, सुट्टीचा दिवस आणि बऱ्याचदा पदरचं पेट्रोल. बातमीत फोटो बघून अनेक तरुणांना वाटतं, आपणही जावं. वाटणं चांगलंच आहे. पण हे काम आतून कसं असतं, याची कल्पना आधी असलेली बरी.

हे काम आपल्याकडे नवीन नाही

खानापूर तालुक्यातल्या भीमगड अभयारण्यात अशी गावं आहेत की पावसाळ्यात तिथे गाडी पोचत नाही. जुलै २०२४ मध्ये आमगावच्या एका आजारी महिलेला गावकऱ्यांनी लाकडांच्या स्ट्रेचरवर घालून, भर पावसात, जंगलातून काही किलोमीटर खांद्यावरून रस्त्यापर्यंत आणलं. त्याचे व्हिडिओ सगळीकडे फिरले. त्या माणसांनी स्वतःला 'रेस्क्यू टीम' म्हटलं नसेल, पण केलं ते तेच काम. कोकणात, चंदगडच्या डोंगरात, सत्तरीतल्या वाड्यांवर ही डोलीची पद्धत जुनीच आहे.

आता प्रसंग मोठे आणि गुंतागुंतीचे होऊ लागलेत. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यात खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता, खालून अवघड चढ चढूनच जावं लागे. परिसरातले गिर्यारोहक रात्रीच वर चढले. मोठी यंत्रं वर नेता येईनात, म्हणून फावडी-घमेल्यांनी आणि हातांनी माती उपसावी लागली. २७ मृतदेह मिळाले, ५७ जणांचा पत्ता लागला नाही आणि २३ जुलैला शोध थांबवावा लागला. त्याआधी २८ जुलै २०१८ ला आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळून ३० जण गेले, तेव्हाही दरीत दोरावरून उतरून मृतदेह वर आणण्यात स्थानिक ट्रेकर्सचा वाटा मोठा होता.

या दोन्ही ठिकाणी स्वयंसेवक उपयोगी पडले, कारण त्यांनी आधी कित्येक रविवार दोर बांधण्यात आणि सोडण्यात घालवले होते.

शोध म्हणजे रान तुडवणं नव्हे

माणूस हरवला की पहिली ऊर्मी असते ती वीस-पंचवीस जणांनी हाका मारत चारी दिशांना सुटायची. पथक नेमकं याच्या उलट करतं. आधी थांबतं आणि विचारतं : शेवटचं कुणी पाहिलं? किती वाजता? कुठे? अंगात कपडे कुठल्या रंगाचे, पायात चप्पल की बूट? मधुमेह, फिट्स, दमा असं काही? पोहता येतं का? घरून भांडून आलाय का? शेवटचा प्रश्न विचारताना अवघड वाटतं, पण त्याच्या उत्तरावर शोधाची दिशा बदलते. वाट चुकलेला माणूस आवाज ऐकून ओ देतो. ज्याला सापडायचंच नाही, तो गप्प राहतो.

शेवटच्या ठावठिकाण्यापासून हिशोब सुरू होतो. रानातून माणूस तासाला दोन किलोमीटर चालतो असं धरलं, तर एका तासानंतर तो दोन किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळात कुठेही असू शकतो. हे क्षेत्र झालं साधारण साडेबारा चौरस किलोमीटर. तीन तासांनी त्रिज्या सहा किलोमीटर होते आणि क्षेत्र ११३ चौरस किलोमीटर. वेळ तिप्पट झाली, शोधायचं रान नऊपट झालं. उशिरा खबर देण्याची किंमत ही अशी असते. "पोलीस चोवीस तास झाल्याशिवाय तक्रार घेत नाहीत" असं अजूनही बरेच जण समजतात. तसा काही नियम नाही. शंका आली की लगेच कळवायचं.

मग वर्तुळ लहान करायचं काम सुरू होतं. बाहेर पडायच्या वाटा, फाटे, रस्त्याला लागायच्या जागा इथे आधी माणसं उभी करतात, म्हणजे हरवलेला आपसूक बाहेर आला तरी चुकामूक होत नाही. दोन-तीन चपळ जण सगळ्यात शक्य वाटणारी वाट पटकन पाहून येतात : ओढ्याची कड, कड्याचं टोक, चुकीच्या फाट्यावर जाणारी मळलेली वाट. ठरावीक अंतराने शिट्टी वाजते आणि त्यानंतर सगळे गप्प उभे राहतात, कारण उत्तर ऐकायचं असतं. डोंगरात मदत मागायची खूण मिनिटाला सहा शिट्ट्या, मग मिनिटभर शांतता, पुन्हा सहा, अशी आहे. उत्तराची खूण मिनिटाला तीन. टॉर्चच्या उजेडानेही हेच करता येतं. ट्रेकला जाणाऱ्या प्रत्येकाच्या गळ्यात दहा-वीस रुपयांची शिट्टी असली, तर पथकाचं काम निम्मं हलकं होतं.

पहिल्या फेरीत काही हाती लागलं नाही की मग नकाशावर भाग पाडून एकेक भाग पद्धतशीर पाहिला जातो. पाहिलेल्या भागाची नोंद होते. ही नोंद ठेवणारा माणूस तळावर बसलेला असतो आणि त्याचा फोटो कधी पेपरात येत नाही. पण तो नसला तर तीच दरी तीनदा धुंडाळली जाते आणि शेजारची तशीच राहते.

अठरा माणसांचं एक स्ट्रेचर

माणूस सापडला, जिवंत आहे, पाय मोडलाय. आता खरी मेहनत. जखमीला उचलून पाठीवर टाकायचं नाही. पडताना मान किंवा पाठीचा कणा दुखावला असेल तर चुकीच्या हलवण्याने कायमचं अपंगत्व येऊ शकतं. आधी श्वास, रक्तस्राव, शुद्ध हे पाहायचं. भिजलेले कपडे बदलायचे, कोरडं पांघरायचं. सह्याद्रीत कुठली आलीय थंडी, असं वाटतं. पण रात्रभर पावसा-वाऱ्यात ओल्या अंगाने पडलेल्या माणसाचं तापमान जुलैतही धोक्याच्या खाली जातं.

स्ट्रेचर एका वेळी सहा जण धरतात. चिखलात, उतारावर दहा-पंधरा मिनिटांत हात भरून येतात, मग दुसरे सहा. तिसरे सहा पुढे वाट मोकळी करतात, निसरड्या जागी दोर लावतात. म्हणजे एका जखमीला खाली आणायला अठरा माणसं झाली. तास-दीड तासाची वाट अशा वेळी अर्धी रात्र खाते. त्यामुळे 'मला कड्यावर चढता येत नाही, माझा काय उपयोग' असं म्हणणाऱ्यांनीही हा आकडा लक्षात ठेवावा. दरीत दोरावर उतरणारे दोघं-तिघं असतात, उचलणारे अठरा लागतात.

दोराचं काम मात्र शिकल्याशिवाय करायचं नाही. बचावाला वापरायचा दोर कमी ताणणारा असतो, साधारण साडेदहा ते अकरा मिलिमीटर जाडीचा. गुरांचा किंवा ट्रकचा नायलॉन दोर त्या जागी चालत नाही. एका दोरावर वजन, दुसरा फक्त सुरक्षेसाठी, आणि दोन्ही वेगवेगळ्या जागी बांधलेले. एक अँकर सुटला तरी दुसऱ्याने धरलं पाहिजे. कड्याच्या धारेवर दोर घासतो तिथे पॅड किंवा गोणपाट घालतात. बांधणाऱ्याने बांधलेलं दुसऱ्याने तपासायचं, मग तो पथकाचा म्होरक्या असला तरी. या तपासण्याचा कुणी अपमान मानायचा नाही, ही पहिल्या दिवसापासूनची शिस्त.

पाण्यात सगळे नियम वेगळे

आपल्या पट्ट्यात डोंगराइतकंच काम पाण्यातलं. कृष्णा, पंचगंगा, घटप्रभा, मलप्रभा, मार्कंडेय, खाली उतरलं की तिळारी आणि म्हादई. पोहायला उत्तम येणं आणि वाहत्या पाण्यातून माणूस काढता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पथकात पहिला धडा क्रमाचा. आधी काठावरून हात, काठी, बांबू पुढे करा. नाही पोचत तर दोर किंवा हवा भरलेली ट्यूब फेका. तेही शक्य नसेल तर बोट. आणि सगळे उपाय संपल्यावर, लाईफ जॅकेट घालून, शिकलेल्या माणसानेच पाण्यात उतरायचं. बुडणारा घाबरून जे मिळेल त्याला मिठी मारतो, म्हणून रिकाम्या हाताने जवळ जायचं नाही.

दुसरा धडा जुनी सवय मोडणारा आहे. कमरेला दोर बांधून पुरात उडी टाकायची, काठावरच्यांनी दोर धरायचा, ही पद्धत गावोगावी दिसते. वाहत्या पाण्यात ती जिवावर बेतते. दोर ताणला की पाण्याचा सगळा जोर त्या माणसाला खाली दाबतो आणि ओली गाठ सुटत नाही. पथकं वापरतात त्या खास जॅकेटचा पट्टा एका झटक्यात सुटतो, तो याचसाठी.

तिसरा धडा बंधाऱ्यांचा. कोल्हापूर पद्धतीचे बंधारे सीमेच्या दोन्ही बाजूंना आहेत. बंधाऱ्यावरून पाणी पडतं तिथे पायथ्याशी ते उलटं फिरत राहतं. वरून बघताना नुसता फेस दिसतो. त्यात सापडलेलं लाकूड तासन्‌तास तिथेच गरगरतं आणि माणसाचंही तसंच होतं. बोटही त्यात ओढली जाते.

"आता जायचं नाही" असं सांगणारा माणूस

२३ मे २०२४ ला अहमदनगर जिल्ह्यात अकोले तालुक्यात प्रवरा नदीत बुडालेल्या तरुणाचा शोध घेताना राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट उलटली आणि दलाचे तीन जवान गेले. हे जवान प्रशिक्षित होते, शोधाचं काम त्यांच्या रोजच्या सरावातलं होतं. त्याच्या दीड महिना आधी, नेवासे तालुक्यातल्या वाकडी गावात शेणाच्या जुन्या खड्ड्यात पडलेलं मांजर काढायला एकजण उतरला, त्याला काढायला दुसरा, मग तिसरा... पाच जण गेले. इर्शाळवाडीची चढण चढताना नवी मुंबई अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचा हृदयविकाराने मृत्यू झाला होता.

यातला कुणीही बेफिकीर नव्हता. समोर माणूस बुडतोय, गुदमरतोय म्हटलं की पाय आपोआप पुढे जातात. म्हणून पथकात एकाच्या हाती निर्णय असतो आणि त्याने "थांबा" म्हटलं की थांबायचं असतं. बचाव करणाऱ्यांचा क्रम सगळीकडे सारखा शिकवला जातो : आधी स्वतः, मग सोबती, मग ज्याला वाचवायचं तो. ऐकायला स्वार्थी वाटतं. पण सोबती पडला तर पथकाला दोन जखमी खाली आणायचे असतात आणि माणसं तेवढीच, किंबहुना एक कमीच.

बंद विहीर, बायोगॅसचा खड्डा, गटाराचं चेंबर यांत हवा विषारी असू शकते आणि वास येतोच असं नाही. तोंडाला ओला रुमाल बांधून काही उपयोग होत नाही. अशा जागी श्वसनाची उपकरणं असलेलं अग्निशमन दल येईपर्यंत कुणालाही उतरू न देणं, हेच पथकाचं काम. काठावर नातेवाईक रडत असतात, गावकरी शिव्या देतात, "एवढे जण आलात कशाला मग?" असं विचारतात. ते ऐकून घेत उभं राहणं दोरावर उतरण्याहून कठीण जातं, असं बऱ्याच स्वयंसेवकांना वाटतं.

रात्री शोध थांबवायचा, पहाटे पुन्हा सुरू करायचा, हा निर्णयही असाच. पुढच्यांचे पाय निसरडे झाले, टॉर्चच्या बॅटऱ्या उतरल्या, ओढा चढला, की परत फिरायचं. ज्या उमेदवाराला हे पटत नाही, त्याला अनुभवी पथकं दोराला हात लावू देत नाहीत.

तीन राज्यं, दोन-तीन भाषा, एकच डोंगर

सीमेवर काम करणाऱ्या पथकांपुढे आणखी एक अडचण असते, ती लोणावळ्यात येत नाही. माणूस एका राज्यात हरवतो आणि दुसऱ्या राज्यात सापडतो. दूधसागर, चोर्ला, तिळारीचं खोरं, आंबोलीखालचा भाग, कुठेही हे होऊ शकतं. मोबाईल पलीकडच्या राज्यातला टॉवर पकडतो हे तर रोजचंच. त्यामुळे ११२ वर लागलेला फोन कुठल्या राज्यात वाजेल याची खात्री नसते. म्हणून सीमाभागात फोन करताना पहिलं वाक्य ठरवून ठेवावं : राज्य, तालुका, जवळचं गाव, आणि कुठल्या रस्त्याने आत शिरलो. "धबधब्याजवळ आहोत" याला काही अर्थ नाही, धबधबे शंभर आहेत. फोनमधला जीपीएस नेटवर्क नसतानाही चालतो. नकाशातले अक्षांश-रेखांश वाचून सांगितले किंवा साध्या एसएमएसने पाठवले, तर हद्दीचा घोळ तिथेच संपतो.

हद्द कुठल्या ठाण्याची, पंचनामा कोण करणार, हे प्रश्न मृतदेह सापडला की उभे राहतात. पोलिसांच्या परवानगीशिवाय मृतदेह हलवायचा नसतो, जागेचे फोटो आणि खुणा तशाच ठेवायच्या असतात. कधी पलीकडच्या राज्यातले पोलीस पोचेपर्यंत पावसात तासन्‌तास बसावं लागतं. अशा वेळी कन्नड, कोंकणी आणि मराठी तिन्ही बोलणारा माणूस जवळ असला तर निम्मे तंटे होतच नाहीत. वनरक्षक कन्नडमधून काय सांगतोय, घरचे मराठीत काय विचारताहेत, गोव्यातला पोलीस कोंकणीत काय म्हणतोय, हे एकमेकांना नीट कळवणारा स्वयंसेवक पथकाला दोराइतकाच लागतो. राजकीय सीमावादावर कुणाचं काहीही मत असो, स्ट्रेचरच्या सहा मुठी धरताना तो कुणी काढत नाही.

सह्याद्रीपासून दूर असलेल्या मराठी वस्त्यांमध्ये कामाचा चेहरा वेगळा, गाभा तोच. ३० मार्च २०२३ ला इंदूरमध्ये बेलेश्वर महादेव मंदिरातल्या बावडीवरचं छत कोसळून ३६ जण गेले, तेव्हा पहिले धावले ते शेजारीपाजारीच. ऑगस्ट २०२४ मध्ये वडोदऱ्यात विश्वामित्रीला पूर आला आणि मगरी वस्तीत शिरल्या, तेव्हा वनखात्याबरोबर स्थानिक प्राणिमित्र कार्यकर्ते रात्रंदिवस फिरत होते. ज्या शहरात जे संकट, त्याचं शिक्षण तिथल्या माणसांनी घ्यायचं.

सामील व्हायचं तर

दोन वाटा आहेत. एक, जवळच्या गिर्यारोहण संस्थेत किंवा बचाव पथकात जाणं. दुसरी, सरकारी 'आपदा मित्र' योजना. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने ती २०१६ मध्ये निवडक पूरप्रवण जिल्ह्यांत सुरू केली, नंतर देशभरातल्या ३५० जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवक तयार करण्याचं उद्दिष्ट ठेवून वाढवली. त्यात बारा दिवसांचं प्रशिक्षण, स्वतःचा साहित्य-संच आणि विमा अशी तरतूद होती. चौकशी जिल्हाधिकारी कार्यालयातल्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात करायची. बेळगाव असो, सिंधुदुर्ग असो वा कोल्हापूर.

पथकात गेल्यावर पहिले काही महिने सामान उचलणं, दोर धुऊन वाळवणं, वॉकीटॉकीवर थोडक्यात बोलायला शिकणं, स्ट्रेचर बांधणं आणि प्रथमोपचार एवढंच वाट्याला येतं. हृदय बंद पडलेल्याला छाती दाबून सीपीआर कसा द्यायचा, रक्तस्राव कसा थांबवायचा, हे तर पथकात न जाणाऱ्यानेही शिकावं. वय, बाई-पुरुष, शिक्षण याची आडकाठी फारशी येत नाही. कामं वाटलेली असतात : गाडी चालवणं, नकाशा सांभाळणं, नोंदी ठेवणं, चहा-जेवण पोचवणं, नातेवाइकांशी बोलणं.

घरच्यांशी मात्र आधी मोकळं बोलावं. फोन रात्री दोन वाजता येतो. कंपनीत, दुकानात, शेतात तुमच्या जागी कोण, हे ठरलेलं असावं. विमा आहे का, पथक नोंदणीकृत आहे का, पोलिसांना ठाऊक आहे का, हे विचारायला लाजू नये. नावापुरतं टी-शर्ट छापून फिरणारे गटही दिसतात. जे पथक वर्षभर सराव करतं, प्रत्येक मोहिमेनंतर बसून काय चुकलं ते बोलतं, आणि मृतदेहाचे फोटो ग्रुपवर टाकू देत नाही, ते खरं.

मनाचीही तयारी लागते. बऱ्याच मोहिमांचा शेवट मृतदेहानेच होतो. मे २०२२ मध्ये लोणावळ्याजवळ नागफणीच्या जंगलात वाट चुकलेल्या एका तरुणाचा मृतदेह अनेक पथकांनी चार दिवस शोधल्यावर दरीत सापडला. असं काम करून आलेला माणूस दुसऱ्या दिवशी दुकान उघडतो, पण रात्री झोप लागत नाही. सोबत्यांशी बोलणं, गरज वाटली तर डॉक्टरांकडे जाणं, यात कमीपणा नाही. आणि मृतदेह शोधून देणं हे कामही वाया गेलेलं नसतं. ज्या घरी पाच दिवस चूल पेटलेली नाही, त्या घराला माणूस मिळतो, क्रियाकर्म करता येतं, वाट बघणं संपतं.

पुन्हा त्या चोर्ल्याच्या वाटेवर. पाचवा मित्र धुक्यात चुकून ओढ्याच्या पलीकडे गेलाय असं समजा. तो चालत सुटला नाही, एका जागी बसून शिट्टी वाजवत राहिला. इकडे चौघांपैकी दोघं गाडीपाशीच थांबले, बाकीच्यांनी रस्त्यावरच्या गावात जाऊन सांगितलं. गावातल्या पथकाने ओढा बघितला, पाणी चढलेलं पाहून रात्री ओलांडायचं नाही असं ठरवलं, अलीकडच्या काठावरून त्याला उजेड दाखवत, हाका मारत रात्र जागवली आणि उजाडल्यावर पाणी ओसरताच दोर लावून आणलं. यात कुणी उडी मारली नाही, बातमीही होणार नाही. पथकात नाव नोंदवायला जाणाऱ्याने आधी अशा रात्रीची तयारी करावी.